सभेनं दिलेलं पदक

सत्कारसमारंभाचं रसग्रहण म्हटलं की मराठी वाचक आधी घड्याळाकडे बघेल. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, लांबलेलं प्रास्ताविक, उशिरा आलेले प्रमुख पाहुणे, शाल-श्रीफळ, मानपत्र, सत्काराला उत्तर आणि आभारप्रदर्शन उरकेपर्यंत अर्धी सभा चहाकडे वळलेली असते. या सगळ्यातून तावून सुलाखून निघालेल्या वाचकाला मी तरीही एक समारंभ नीट पाहायला सांगणार आहे. जगभरच्या गणितज्ञांची परिषद दर चार वर्षांनी भरते, 'इंटरनॅशनल काँग्रेस ऑफ मॅथेमॅटिशियन्स'. पहिली १८९७ साली झ्युरिकला भरली. भारतात ती एकदाच आली, १९ ते २७ ऑगस्ट २०१० या दिवसांत, हैदराबादला. परिषदेत पहिल्याच दिवशी फील्ड्स पदकं दिली जातात. परिषदेच्या कामकाजाचे जाडजूड खंड छापले जातात आणि हल्ली चित्रफितीही सहज मिळतात. गणित कच्चं असलेल्यालाही त्यातून एक गोष्ट स्पष्ट दिसते. कोण कधी बोलणार, कोण गप्प बसणार, कुणाचं नाव कुठे असणार आणि कुठे नसणार, हे सगळं इथे फार विचारानं ठरवलेलं आहे.

आधी पदकच हातात घेऊ. १४ कॅरट सोनं, व्यास ६३.५ मिलिमीटर, वजन १६९ ग्रॅम. घडवणारे कॅनडाचे शिल्पकार रॉबर्ट टेट मॅकेन्झी. ते पेशानं डॉक्टर होते आणि त्यांनी शरीररचनाशास्त्र शिकवलेलं होतं. दर्शनी बाजूला उजवीकडे बघणारा आर्किमिडीजचा चेहरा आहे आणि शेजारी ग्रीक अक्षरांत त्याचं नाव. कडेनं फिरणारी लॅटिन ओळ मॅनिलियस या रोमन कवीची आहे, आपल्या मर्यादेपलीकडे जाऊन विश्वाला हात घालण्याविषयीची. इथपर्यंत ठीक, पदकावर असं भारदस्त काहीतरी असतंच.

पदक उलटलं की मजा येते. मागच्या लॅटिन मजकुराचा आशय असा आहे: साऱ्या जगातून एकत्र जमलेल्या गणितज्ञांनी उत्तम लेखनासाठी हे दिलं. या वाक्याचा कर्ता बघा. राजा नाही, सरकार नाही, विद्यापीठ नाही, देणगीदारही नाही. देणारे म्हणजे जमलेले लोक. ज्या जॉन चार्ल्स फील्ड्स यांच्या नावानं हे पदक ओळखलं जातं, त्यांचं नाव पदकावर शोधून सापडणार नाही. पदकाला कुठल्याही देशाचं, संस्थेचं किंवा व्यक्तीचं नाव जोडू नये, अशी त्यांचीच इच्छा होती. ज्याला ते मिळतं त्याचं नाव असतं, पण तेही कडेवर, जिथे नाण्याला कंगोरे असतात तिथे. दर्शनी जागा दोन हजार वर्षांपूर्वीच्या माणसाला आणि मागची जागा सभेला, ही वाटणी मला फार देखणी वाटते.

'साऱ्या जगातून' हे शब्दही सहज आलेले नाहीत. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनी आणि तिच्या मित्रदेशांच्या गणितज्ञांना परिषदेची दारं बंद झाली होती. १९२० साली स्ट्रासबुर्गला ते नव्हते आणि १९२४ साली टोरांटोलाही नव्हते. टोरांटोची परिषद भरवली होती फील्ड्स यांनी. तिच्या खर्चातून काही रक्कम उरली आणि त्या उरलेल्या पैशांतून आंतरराष्ट्रीय पदक द्यायची कल्पना पुढे आली. फील्ड्स १९३२ साली वारले, जाताना त्यांनी स्वतःची पुंजीही या कामाला ठेवली, आणि त्याच वर्षी झ्युरिकच्या परिषदेनं योजना स्वीकारली. ज्याच्या मांडवात अर्धं युरोप येऊ शकलं नव्हतं, त्याच यजमानानं पुढच्या प्रत्येक मांडवासाठी हा मजकूर मागे ठेवला. ही पार्श्वभूमी कळली की एरवी औपचारिक वाटणाऱ्या लॅटिनला धार येते.

त्या मजकुरामागे नीट पाहिलं तर दंडगोलात नेमका बसलेला गोल कोरलेला दिसतो. गोलाचं घनफळ त्या दंडगोलाच्या दोन तृतीयांश असतं, हा आर्किमिडीजचा सिद्धांत. त्याच्या थडग्यावर हीच आकृती होती आणि तिच्यावरूनच पुढे सिसेरोनं झाडाझुडपांत हरवलेलं ते थडगं ओळखलं. शिल्पकारानं ती ठळक केलेली नाही, अक्षरांच्या पाठीमागे ठेवली आहे. शोधणाऱ्यालाच सापडावी, इतपतच.

आणि आता एक गंमत. पदकावर रोमन अंकांत १९३३ हे साल घालायचं होतं. तिथे दुसऱ्या 'एम'च्या जागी 'एन' पडलेला आहे. गणितातल्या सर्वांत मोठ्या मानाच्या पदकावर आकडाच चुकलेला! या चुकीवर माझा जीव आहे. उत्तम कारागिरीला इतकी तीट हवीच.

समारंभाकडे येऊ. हैदराबादला पदकं दिली राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांनी. त्या वर्षीचे चार मानकरी होते एलॉन लिंडेनस्ट्राउस, न्गो बाओ चाउ, स्टानिस्लाव स्मिर्नोव आणि सेड्रिक विलानी. पैकी विलानी गळ्यात रेशमी रुमाल बांधून आणि कोटावर कोळ्याचा बिल्ला लावून हिंडणारे, त्यामुळे छायाचित्रकारांचं लक्ष त्यांच्याकडे जास्त. पण जाणत्यानं लक्ष द्यावं ते गुप्ततेकडे. मानकऱ्यांना काही महिने आधी कळवलेलं असतं आणि सभेला मात्र नावं त्याच क्षणी कळतात. निवड समितीचे अध्यक्ष कोण हे माहीत असतं, बाकीचे सदस्य कोण होते हेही पदकं दिल्यावरच जाहीर होतं. तोवर कुणी कुणाकडे शब्द टाकायचा, हा प्रश्नच उरत नाही. आपल्याकडच्या कितीतरी पुरस्कारांची पत्रिका छापून येते तेव्हा मानकऱ्यापेक्षा समितीचीच चर्चा जास्त झालेली असते, हे आठवलं की या साध्या नियमाचं मोल कळतं.

आता खरा रंग भरतो तिथे जाऊ. पदक घेणाऱ्यानं इथे सत्काराला उत्तर द्यायचं नसतं. त्याच दिवशी त्याच्या कामावर बोलतो तो दुसराच कुणीतरी तोलामोलाचा गणितज्ञ, आणि मानकरी श्रोत्यांत बसून ऐकतो. या भाषणाला 'लॉडॅशिओ' म्हणतात. प्रथा पहिल्या पदकांइतकीच जुनी आहे. १९३६ साली ऑस्लोला लार्स आल्फोर्स आणि जेसी डग्लस यांना पदकं मिळाली तेव्हा त्यांच्या कामाविषयी काराथेओडोरी बोलले होते. हे आपलं मानपत्र नव्हे. मानपत्रात विशेषणं असतात आणि ती कुणालाही बसतात. लॉडॅशिओत काय सिद्ध केलं, त्याआधी गाडी कुठे अडली होती आणि नेमक्या कुठल्या युक्तीनं ती सुटली, एवढंच सांगायचं. त्यामुळे स्तुती करायला जागाच उरत नाही, आणि त्यामुळेच ती खरी होते.

पण बोलायला कुणाला उभं करायचं, यात हैदराबादच्या संयोजनाचं खरं कसब आहे. लिंडेनस्ट्राउस यांच्यावर बोलले हिलेल फर्स्टेनबर्ग. १९६७ साली फर्स्टेनबर्ग यांनी एक प्रश्न विचारून ठेवला होता. वर्तुळावरच्या बिंदूंना दोननं गुणत राहा आणि तिननंही गुणत राहा, तर दोन्हींशी जुळवून घेणाऱ्या रचना किती प्रकारच्या असू शकतात? दिसायला शाळकरी, पण पूर्ण उत्तर आजही हाती नाही. या प्रश्नातून जी विद्या वाढली ती लिंडेनस्ट्राउस यांनी पुढे नेली आणि तिच्या जोरावर संख्या-सिद्धांतातली कितीतरी जुनी कुलपं सैल केली. म्हणजे प्रश्न विचारणारा मंचावर आणि त्या वाटेवर सर्वांत लांब गेलेला श्रोत्यांत.

न्गो बाओ चाउ यांच्यावर बोलले जेम्स आर्थर. इथली जुळणी तर त्याहून सरस. रॉबर्ट लँगलँड्स यांच्या महत्त्वाकांक्षी कार्यक्रमात एक 'मूलभूत लेमा' होता. लेमा म्हणजे मोठ्या सिद्धांताकडे जाताना वाटेत सोडवायची किरकोळ पायरी. ही किरकोळ पायरी तीसेक वर्षं कुणाला चढता आली नाही. दरम्यान अनेकांनी ती खरी आहे असं गृहीत धरून वर मजले चढवले, आणि त्यांत सर्वांत मोठं बांधकाम होतं आर्थर यांचंच. आयुष्यभराचं काम एका न सुटलेल्या विधानावर टेकलेलं. व्हिएतनाममध्ये जन्मलेल्या एका तरुणानं ते विधान सिद्ध केलं आणि खालचा दगड पक्का झाला. त्या तरुणाची ओळख करून द्यायला याहून योग्य माणूस कोण? कृतज्ञता शब्दानं बोलून दाखवायची गरजच नव्हती, कारण कुणाचं काय कुणामुळे तरलं हे सभेतल्या जाणकारांना ठाऊक होतं. शिवाय आर्थर टोरांटो विद्यापीठाचे, म्हणजे ज्यांचं नाव पदकावर नाही त्या फील्ड्स यांच्याच विद्यापीठाचे. हा योगायोग असेल, पण असे योगायोग रसिकानं टिपून ठेवावेत.

स्मिर्नोव यांच्यासाठी होते हॅरी केस्टेन. सच्छिद्र दगडात पाणी आरपार झिरपेल की नाही, या रोजच्या प्रश्नाचं गणिती रूप असं. चौकडीच्या जाळीतली प्रत्येक वाट नाणं उडवून उघडी किंवा बंद ठेवायची. मग उघडेपणाची शक्यता किती झाली की पाण्याला अखंड वाट मिळते? उत्तर नेमकं निम्मं, हे १९८० साली केस्टेन यांनी सिद्ध केलं. त्या उंबरठ्यावरच नेमकं काय घडतं, हे त्रिकोणी जाळीसाठी स्मिर्नोव यांनी २००१ साली दाखवलं. पहिल्यानं उंबरठा शोधला, दुसरा त्यावर उभा राहिला, आणि पहिल्यानंच दुसऱ्याचं कौतुक केलं.

आणखी दोन मानांतही हेच सूत्र दिसतं. गाउस पुरस्कार इव्ह मेयर यांना मिळाला आणि त्यांच्या कामावर बोलल्या इंग्रिड डोबशी. वेव्हलेट्सचं, म्हणजे छोट्या लहरींतून प्रतिमा आणि ध्वनी उकलण्याचं शास्त्र, मेयर यांनी मांडलं आणि डोबशींनी त्याला यंत्रात चालेल असं रूप दिलं. त्याच आठवड्यात डोबशी आंतरराष्ट्रीय गणित संघाच्या अध्यक्षपदी निवडल्या गेल्या होत्या, त्या पदावरची पहिली स्त्री. चर्न पदक त्या वर्षी पहिल्यांदाच दिलं गेलं, ८५ वर्षांच्या लुई निरेनबर्ग यांना, आणि बोलले त्यांचेच शिष्य यानयान ली. या पदकाची एक अट मला फार आवडते. एकूण पाच लाख डॉलरपैकी निम्मी रक्कम मानकऱ्याची आणि निम्मी त्यानं सांगितलेल्या संस्थांची. ज्या माणसानं बहुतेक शोधनिबंध दुसऱ्यांच्या बरोबरीनं लिहिले, त्याच्यापासून या पदकाची सुरुवात व्हावी, हेही सुरेखच.

हैदराबादच्या परिषदेत आणखीही बरंच होतं. विश्वनाथन आनंद एकाच वेळी चाळीसेक गणितज्ञांशी बुद्धिबळ खेळले आणि एका चौदा वर्षांच्या मुलानं त्यांच्याशी बरोबरी साधली. हार्डी आणि रामानुजन यांच्यावरचं 'अ डिसअपिअरिंग नंबर' हे नाटकही झालं. मजा म्हणून ठीक. बिरादरीची खरी परीक्षा अशा करमणुकीत होत नाही, ती खुर्ची रिकामी राहते तेव्हा होते.

१९७८ साली हेलसिंकीला ग्रिगोरी मार्गुलिस यांना पदक जाहीर झालं, पण सोविएत सरकारनं त्यांना येऊ दिलं नाही. लॉडॅशिओ होतं झाक तित्स यांचं. तित्स यांनी आधी गणित पूर्ण समजावून सांगितलं आणि मग मार्गुलिस इथे नाहीत याची आपल्याला खोल निराशा वाटते, ती इथल्या अनेकांची आहे, असं स्पष्ट बोलून दाखवलं. ज्याला आपण फक्त कामातून ओळखतो तो माणूस एकदाचा भेटेल अशी आशा होती, आणि तीही या शहरात, असं ते म्हणाले. तीनच वर्षांपूर्वी मानवी हक्कांचा उल्लेख असलेल्या करारावर सोविएत संघानं याच हेलसिंकीत सही केलेली होती. सरकारचा निषेध नाही, घोषणा नाही, फक्त शहराचं नाव. जिथे टोचायचं तिथे टोचून आवाज न चढवण्याची ही अदब अव्वल दर्जाची आहे.

२०१४ साली सोलमध्ये मरियम मिर्झाखानी यांना पदक मिळालं. फील्ड्स पदक मिळवणारी ती पहिली स्त्री. त्याच मंचावर आपल्या इचलकरंजीचे सुभाष खोत यांना संगणकशास्त्राच्या गणितासाठीचं नेवानलिना पारितोषिक मिळालं, आणि त्या वर्षी आपल्याकडच्या बातम्यांत साहजिकच खोत आणि भारतीय वंशाचे मानकरी मंजुल भार्गव पुढे होते. पण त्या परिषदेतला सर्वांत देखणा प्रसंग बातम्यांत जवळजवळ नव्हताच. मिर्झाखानी तेव्हा कर्करोगाशी झुंजत होत्या आणि जगभरचे कॅमेरे त्यांच्या मागे होते. काही गणितज्ञ स्त्रियांनी आपसांत पाळ्या लावल्या. मरियम जिथे जाईल तिथे कुणीतरी सोबत असेल, प्रश्नांच्या आणि कॅमेऱ्यांच्या आड उभं राहील. कार्यक्रमपत्रिकेत याची नोंद नाही, तरी सत्काराचा तो सर्वांत काटेकोरपणे पार पडलेला भाग होता. मिर्झाखानी २०१७ साली गेल्या.

मग रिओ, २०१८. इराणमधून परागंदा होऊन ब्रिटनमध्ये आसरा घेतलेले कुर्द गणितज्ञ कौशेर बिरकार यांचं पदक मिळाल्यावर अर्ध्याएक तासातच चोरीला गेलं. तीन दिवसांनी परिषदेनं पुन्हा छोटा समारंभ करून त्यांना दुसरं पदक दिलं. यामुळे आपण आधीपेक्षा जास्त प्रसिद्ध झालो, असं बिरकार हसत म्हणाले. पदकाची वस्तू म्हणून फजिती होण्याची ही पहिली वेळ नव्हती. पहिल्या मानकऱ्यांपैकी आल्फोर्स यांनी युद्धकाळात फिनलंड सोडताना आपलं पदक चोरून बाहेर आणलं आणि गहाण टाकून प्रवासखर्च भागवला, मित्रांच्या मदतीनं ते पुढे सोडवलं. पदकाबरोबर मिळणारी रक्कम आजही १५ हजार कॅनेडियन डॉलरच आहे. सोनं जातं, गहाण पडतं, पण सभेनं दिलेलं असल्यामुळे ते परत देता येतं.

दोष काढायचे तर तेही आहेत. पदक पुढच्या कामाला उत्तेजनही ठरावं, या फील्ड्स यांच्या इच्छेतून पुढे चाळिशीच्या आतली वयोमर्यादा आली, पण मुलं वाढवण्याची वर्षं जिच्या वाट्याला येतात तिला ती जाचते. २०२२ पर्यंतच्या ६४ मानकऱ्यांत स्त्रिया दोनच, मिर्झाखानी आणि युक्रेनच्या मरीना व्याझोव्स्का. व्याझोव्स्कांना पदक मिळालं ते पुन्हा हेलसिंकीत, कारण युक्रेनवरच्या हल्ल्यामुळे सेंट पीटर्सबर्गची परिषद तिथून काढून ऑनलाइन घ्यावी लागली. लॅटिनमधलं 'सारं जग' अजून पूर्ण जमलेलं नाही.

हैदराबादची सांगता २७ ऑगस्टला झाली आणि तिथे भारतानं या समारंभात स्वतःची भर घातली. दहा लाख रुपयांचा 'लीलावती पुरस्कार', गणित सामान्य लोकांपर्यंत नेणाऱ्याला. पहिला मिळाला 'फर्माज लास्ट थिअरम'चे लेखक सायमन सिंग यांना. मूळचा बेत एकदाच द्यायचा होता, पण पुढे तो दर परिषदेत कायम झाला. त्याची जागा सांगतेतच, हे मला अगदी नेमकं वाटतं. सुरुवातीला सिद्धता करणाऱ्यांचा मान, शेवटी समजावून सांगणाऱ्यांचा.

पुरस्काराचं नाव ज्या ग्रंथावरून पडलं तो भास्कराचार्यांचा 'लीलावती' ११५०चा. त्यांच्या घराण्याचा पक्का दगडी पुरावा आपल्याच जळगाव जिल्ह्यात आहे, चाळीसगावजवळ पाटणला, आणि तो जगापुढे आणला भाऊ दाजी लाड यांनी. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तिथे मठ स्थापन केला, असं शके ११२८चा तो शिलालेख सांगतो. राजवंशाची आणि विद्वानांची स्तुती संस्कृतात आहे. मठाचा खर्च कुणी उचलायचा हे आलं की लेख जुन्या मराठीत शिरतो, आणि देणाऱ्यांच्या यादीत पाटणच्या दर घाण्यामागे पळीभर तेल लिहून दिलेलं आहे.